फिल्टरमधलं पाणी काढलं तरी परत येतं, तेव्हा पाण्याची वाट शोधा

शांत पाण्यात इंजिन तासभर एका लयीत चालतं. मग बोट उघड्या पाण्यात येते, चार-पाच मोठ्या लाटा खालून जातात आणि इंजिनाचा आवाज बदलतो. आरपीएम उतरतो, चढतो, एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो, दोन-तीन आचके देऊन इंजिन बंद पडतं. इंधनातलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या, म्हणजे सेपरेटरच्या, तळाचा ड्रेन सैल केला की पेलाभर पाणी निघतं. हवा काढली, स्टार्टर मारला, इंजिन सुरू. वाटतं, काम झालं. दोन आठवड्यांनी पुन्हा तशाच लाटा, तेच आचके, तोच पेला.

माझ्या बोटीवर हे एका हंगामात चार वेळा झालं. पहिल्या तीन वेळा मी फिल्टर बदलला आणि पुढे निघालो. चौथ्या वेळी इंजिन अशा जागी बंद पडलं की खडक जवळ होते आणि वारा त्यांच्याच दिशेला वाहत होता. नांगराने पकड घेतली म्हणून बोट वाचली. त्या रात्री मी ठरवलं, आता नुसतं पाणी उपसायचं नाही, ते येतं कुठून ते शोधून काढायचं. सेपरेटर आलेलं पाणी अडवतो. टाकीत पाणी शिरणं त्याच्या हातात नसतं, आणि खरा दोष बहुतेक वेळा तिथेच असतो.

आधी खात्री करा

इंधनाच्या लाइनला तीन गोष्टी बाधतात: कचरा, हवा आणि पाणी. तिन्हींमुळे इंजिन बंद पडतं, पण पडण्याची तऱ्हा निराळी. कचऱ्याने फिल्टर तुंबला असेल तर इंजिन कमी रेसवर नीट चालतं, रेस दिली की एका ठरावीक आकड्याच्या वर चढत नाही, आणि तो आकडा दिवसागणिक खाली येत जातो. हवा शिरत असेल तर सुरू होऊन मिनिटभरात बंद पडतं, किंवा आरपीएम सारखा झुलत राहतो. सेपरेटरच्या खालची वाटी, म्हणजे बाउल, पारदर्शक असेल तर त्यात बुडबुडे दिसतात. पाण्याचं वागणं लहरी असतं. एकदम झटका, पांढरा धूर, मग दहा मिनिटं काहीच नाही, मग पुन्हा झटका. लाटांत त्रास जास्त, बांधलेल्या बोटीत जवळपास नाहीच.

नमुना घ्या. सेपरेटरच्या ड्रेनखाली स्वच्छ काचेची बरणी धरा आणि अर्धी भरेपर्यंत सोडा. डिझेलची घनता ०.८२ ते ०.८६ च्या आसपास, पेट्रोलची ०.७२ ते ०.७८, पाण्याची १, समुद्राच्या पाण्याची १.०२५. म्हणून पाणी खालीच बसणार आणि मधे एक रेघ दिसणार. डिझेल गढूळ, दुधाळ दिसत असेल तर पाणी बारीक थेंबांच्या रूपात मिसळलेलं आहे. बरणी रात्रभर हलवू नका, सकाळी तळ बघा.

इथे एक चूक फार जण करतात, मीही केली. बरणीत रेघ दिसली नाही म्हणून मी म्हटलं, पाणी नाही. प्रत्यक्षात आख्खी बरणीच पाण्याची होती, वर डिझेलचा नुसता तवंग आणि वास होता. रेघ दिसायला दोन्ही द्रव लागतात. शंका असेल तर पाण्यात विरघळणाऱ्या रंगाचे दोन थेंब टाका. पाण्यात रंग पसरेल, इंधनात थेंब गोळी होऊन तळाला जाईल.

टाकीचा तळ तपासायला पाणी शोधायची पेस्ट मिळते. मोजपट्टीच्या टोकाला ती फासायची, पट्टी टाकीच्या तळाला अर्धा-एक मिनिट टेकवायची, जिथपर्यंत रंग बदलला तिथपर्यंत पाणी. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी वेगळी पेस्ट असते, साधी त्यात नीट रंग बदलत नाही.

भर पाण्यात बंद पडलं तर

आधी नांगर. इंजिन नंतर. इंजिनाचं झाकण उघडून बसलात की बोट किती वाहत गेली याचं भान राहत नाही.

नांगर धरला की इंधनाचा व्हॉल्व्ह बंद करा, सेपरेटर खालून रिकामा करा आणि नुसतं इंधन दिसेपर्यंत सोडत राहा. सगळं पाणी आणि इंधन डब्यात घ्या, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या पाणी साचायच्या जागेत, अजिबात नको, कारण बिल्जचा पंप ते थेट समुद्रात फेकतो. मग इंजिनावरचा दुसरा फिल्टरही उघडून बघा. त्यातही पाणी असेल तर ते हाय-प्रेशर पंपाच्या दारात पोचलं आहे, त्यामुळे घाईने स्टार्टर मारू नका. फिल्टर बदला, हातपंपाने इंधन ओढा, ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. फिल्टर भरायला लागणारं डिझेल पहिल्या सेपरेटरमधून गाळलेलंच असावं. नव्या फिल्टरच्या मधल्या भोकातून कॅनमधलं डिझेल ओतलं तर ते न गाळताच पंपात जातं.

स्टार्टर एका वेळी १० ते १५ सेकंदच मारा, मधे मिनिटभर थांबा. आणि सुरू व्हायला वेळ लागतोय असं दिसलं की सीकॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, बंद करा. ओल्या एक्झॉस्टच्या इंजिनात स्टार्टर फिरत राहिला की कूलिंगचा पंप पाणी मफलरमध्ये भरत जातो, आणि इंजिन सुरू नसल्यामुळे ते बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा जोर नसतो. मफलर भरला की पाणी उलटं सिलिंडरमध्ये येतं. फिल्टरच्या कामाचं असं पूर्ण इंजिन उघडायचं काम होऊन बसतं. इंजिन पेटल्या क्षणी सीकॉक उघडायचा, नाहीतर पंपाचं रबरी इम्पेलर जळतं. हे काम दुसऱ्या माणसाकडे सोपवा आणि त्याला मोठ्याने सांगा.

पेट्रोलच्या बोटीवर यातलं काहीही करण्याआधी हॅच उघडा, इंजिनाच्या खोलीतली हवा बाहेर फेकणारा ब्लोअर किमान चार मिनिटं चालवा, मग बॅटरीचा मेन स्विच बंद करा आणि त्यानंतरच इंधनाची लाइन उघडा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. साध्या इलेक्ट्रिक पंपाने किंवा ड्रिलला जोडायच्या पंपाने पेट्रोल उपसू नका. तोंडाने नळी ओढणं तर पेट्रोल काय, डिझेल काय, कधीच नको.

सेपरेटर रिकामा केला, मग पाणी पुन्हा आलं कुठून?

टाकीतून इंधन ओढणारी नळी तळाला टेकलेली नसते. गाळ ओढला जाऊ नये म्हणून ती तळापासून दोन-एक सेंटिमीटर वर ठेवलेली असते. तेवढ्या थरात पाणी निवांत साठू शकतं. टाकीचा तळ एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद धरला तर दोन सेंटिमीटरचा थर म्हणजे १० लिटर पाणी. बोट शांत असते तेव्हा नळी त्याच्या वरचं स्वच्छ इंधन पिते. लाटांत बोट डोलली की ते दहा लिटर एका बाजूला धावतं, नळीच्या तोंडाशी येतं आणि घोटभर आत जातं. सेपरेटरमधला पेला हा त्या दहा लिटरमधला एक घोट. उरलेलं टाकीतच आहे, पुढच्या लाटांची वाट बघत.

म्हणून टाकीचा तळ कोरडा केल्याशिवाय या दुखण्याला उतार नाही. बोट २४ तास शांत उभी राहू द्या. टाकीचा सर्वांत खोल कोपरा कुठला ते ठरवा. बहुतेक बोटींत तो मागच्या बाजूला असतो, पण बोट कशी तरंगते यावर ते बदलतं. पाण्याचे कॅन किंवा जड सामान एका बाजूला सरकवून बोट मुद्दाम थोडी कलवली तर पाणी हव्या त्या कोपऱ्यात जमतं. मग पातळ, ताठ नळी तळाला टेकेपर्यंत सोडा आणि हातपंपाने सावकाश ओढा. जोरात ओढलं तर तळाचं ढवळून निघतं. स्वच्छ इंधन आलं की तासभर थांबा आणि पुन्हा ओढा, कारण बाजूचं पाणी सरकून यायला वेळ लागतो.

टाकीत आडव्या भिंती असतात, इंधन उसळू नये म्हणून. त्यांना तळाशी भोकं असतात आणि जुन्या टाकीत ती गाळाने बुजतात. मग एका कप्प्यातलं पाणी काढून तुम्ही निर्धास्त होता आणि शेजारच्या कप्प्यातलं आठवड्याभरात झिरपून परत येतं. टाकीला वरून तपासणीचं झाकण नसेल तर प्रत्येक कप्प्यावर एक बसवून घ्या. खर्चाचं काम आहे, पण माझ्या मते बोटीच्या इंधनावर केलेल्या कुठल्याही खर्चापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. हातात फडकं घेऊन तळ पुसता येतो, हे सुख दुसऱ्या कुठल्याही उपायात नाही.

पाणी किती आणि कसलं?

पाणी काढलं की लगेच फेकू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच पाण्यात आहे. दोन गोष्टी मोजा: ते किती आहे, आणि खारं आहे की गोडं.

आधी किती ते. कुणालाही विचारलं तर उत्तर तयार असतं: टाकी अर्धी रिकामी ठेवली, दव पडलं, त्याचं पाणी झालं. मीही वर्षभर हेच धरून बसलो होतो. मग एकदा हिशेब मांडला. २०० लिटरची टाकी निम्मी रिकामी, म्हणजे आत १०० लिटर हवा. दिवसरात्रीत तापमान १० अंशांनी बदललं तर ती हवा साधारण तीन टक्के आकसते, म्हणजे रोज तीन-साडेतीन लिटर नवी हवा आत येते. ३० अंश सेल्सिअसला अगदी दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं. साडेतीन लिटरमध्ये झालं सुमारे ०.१ ग्रॅम. त्यातला थेंब अन् थेंब टाकीत राहिला असं धरलं तरी वर्षाला ४० ग्रॅमसुद्धा होत नाही. दोन-तीन मोठे चमचे. हिवाळाभर नांगरलेल्या बोटीत एवढं पाणी गंज चढवायला आणि बुरशीला पुरतं, म्हणून टाकी भरून ठेवायचा सल्ला चुकीचा नाही. पण दोन आठवड्यांत पेले भरत असतील तर ते दव नाही. कुठूनतरी पाणी सरळ आत येतं आहे.

आता खारं की गोडं. चव घेऊन बघू नका, त्या पाण्यात इंधन असतं. नमुन्याच्या वरचं इंधन ओतून टाका, खालचं एक चमचा पाणी काळ्या किंवा गडद ताटलीत घ्या आणि उन्हात वाळू द्या. आचेवर ठेवायचं नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे एका चमच्यातूनही पांढरे चमकदार खडे स्पष्ट दिसतील. गोडं पाणी असेल तर गंजाचा किंवा तेलाचा नुसता डाग उरतो. पिण्याचं पाणी तपासायचा टीडीएस मीटर असेल तर काम आणखी सोपं: समुद्राचं पाणी त्याची शेवटची रेघ ओलांडतं, तर पावसाचं किंवा नळाचं पाणी टाकीतला गंज धरूनही त्याच्या जवळपास जात नाही. मीटरच्या टोकाला इंधनाचा तवंग लागू देऊ नका, आकडा चुकतो.

खारं निघालं तर व्हेंट (टाकीत हवा ये-जा करायची नळी), फ्युएल कूलर किंवा समुद्राचं पाणी ज्यावर उडतं अशी फिलर कॅप (इंधन भरायच्या तोंडाचं झाकण). गोडं निघालं तर पाऊस, डेक धुण्याचं पाणी किंवा जिथून इंधन भरलं तिथलं पाणी. एका चमच्यात शोधाचं क्षेत्र अर्धं होतं.

शिरण्याच्या वाटा

फिलर कॅपवर पहिला संशय येतो आणि तो रास्त असतो. कॅपखालची रबरी रिंग दोन-तीन वर्षांत चपटी होते, ताठरते, तिला बारीक चिरा जातात. दिसायला ठीक दिसते. ती काढून बोटांत वळवून बघा. चिरा तेव्हाच दिसतात. कॅपची जागा डेकच्या खोलगट भागात असेल तर प्रत्येक पावसानंतर तिच्याभोवती तळं साचतं. कॅपच्या प्लेटखालचा सीलंट सुटला असेल तर पाणी रिंगला न शिवता प्लेटखालून आत उतरतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. चाचणी साधी आहे: फिलरच्या नळीचं वरचं टोक आतून सोडवा, तिथे कोरडा कागद धरा आणि कुणाला तरी डेकवर पाच मिनिटं पाणी सोडायला सांगा.

माझ्या बोटीत पाणी गोडं निघालं. रिंग बदलली, प्लेट पुन्हा सीलंट लावून बसवली, निश्चिंत झालो. पंधरा दिवसांनी पुन्हा पेलाभर पाणी. आता मात्र मला काहीच सुचेना. मग एका संध्याकाळी लांबचा फेरा करून आलो, इंधन भरायला कॅप फिरवली आणि टाकीने मोठा श्वास घेतल्यासारखा फुस्स आवाज आला. टाकी निर्वात झाली होती. कारण व्हेंट.

इंजिन इंधन ओढतं तेव्हा तेवढीच हवा व्हेंटमधून आत यायला हवी. माझ्या व्हेंटच्या तोंडाला मिठाचा थर होता आणि आत एका कीटकाने मातीचं घर केलं होतं. हवा पुरेशी जात नव्हती, म्हणून टाकी जमेल तिथून ओढत होती, आणि जमेल ती जागा म्हणजे कॅपची रिंग. त्याच वेळी डेक धुतलेलं किंवा पावसाचं पाणी कॅपभोवती साचलेलं असलं की हवेऐवजी ते आत ओढलं जायचं. नुसतं साचलेलं पाणी नव्या रिंगमधून कदाचित शिरलं नसतं. पण टाकी आतून ओढत असली की केसाएवढी फटही पुरते. व्हेंट तारेने साफ केला, जाळी बदलली, त्यानंतर सेपरेटरमध्ये पाणी आलेलं नाही. कॅप उघडताना हवा ओढल्याचा आवाज येणं आणि एक-दीड तासानंतर इंजिनाची ताकद कमी होऊन कॅप सैल करताच परत येणं, या दोन खुणा दिसल्या तर सर्वांत आधी व्हेंटकडे जा.

व्हेंटचा उलटा दोषही असतो. तो बोटीच्या बाजूला खाली बसवलेला असेल तर बोट कलल्यावर पाण्याखाली जातो किंवा लाट थेट त्याच्यावर आपटते. व्हेंटची नळी बाहेरच्या तोंडापासून आधी शक्य तितकी वर न्यावी, तिथे वळसा द्यावा आणि मग टाकीकडे उतरवावी. खारं पाणी आणि लाटांनंतरच त्रास, ही जोडी दिसली तर हा वळसा आहे का आणि किती उंच आहे ते बघा. नळीत मधेच खोलगट झोका पडला असेल तर तिथे पाणी अडकतं आणि तिथूनही टाकीचा श्वास कोंडतो.

फ्युएल कूलरचा विचार कुणाच्या मनात लवकर येत नाही. काही डिझेल इंजिनांत टाकीकडे परतणारं गरम इंधन समुद्राच्या पाण्याने थंड करतात. आतली नळी कुजली तर पाण्याच्या बाजूचा दाब जास्त असल्यामुळे खारं पाणी रिटर्नच्या इंधनात जातं आणि इंजिन चालू असेपर्यंत टाकीत पडत राहतं. पाणी खारं आहे, डेक-व्हेंट सगळं चोख आहे आणि इंजिन जितके तास चालतं तितकं पाणी वाढतं, तर कूलर काढा, इंधनाच्या बाजूचं एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हलका हवेचा दाब द्या आणि पाण्यात बुडवून बुडबुडे बघा.

धातूच्या टाकीचा वरचा पत्राही गंजतो, विशेषतः जिथे ओलं लाकूड किंवा फोम त्याला चिकटून असतो. आणि इंधन भरल्यावर लगेच त्रास सुरू होत असेल तर भरतानाचं इंधनच तपासा: पहिल्या कॅनचा तळ काचेच्या बरणीत घेऊन दहा मिनिटं ठेवा. डेकवर उघड्यावर ठेवलेल्या कॅनच्या झाकणांतूनही पाणी शिरतं, त्याकडे आपलं लक्ष नसतं.

डिझेलमधली काळी बुरशी

पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या रेघेवर सूक्ष्मजीव वाढतात. पाण्यात राहतात, डिझेल खातात. यातली हॉर्मोकोनिस रेझिनी ही बुरशी सर्वांत ओळखीची. फिल्टरवर तपकिरी-काळा बुळबुळीत थर आणि कुजका वास दिसला तर समजा की पाणी टाकीत बराच काळ मुक्कामाला आहे. बायोडिझेल मिसळलेलं इंधन पाणी जास्त धरून ठेवतं, त्यामुळे त्यात हे लवकर होतं, आणि सेपरेटरलाही त्यातलं पाणी वेगळं करणं जड जातं.

यावर बायोसाइड वापरतात. ते बुरशी मारतं, पण मेलेली बुरशी टाकीतच असते आणि पुढच्या लाटांत सगळी फिल्टरवर येते. म्हणून आधी टाकी साफ, मग बायोसाइड, आणि त्यानंतरच्या काही फेऱ्यांत हाताशी किमान तीन-चार फिल्टर. पाणी तसंच ठेवून नुसतं औषध टाकलं तर बुरशी परत येते.

पाणी ‘विरघळवणाऱ्या’ अल्कोहोलच्या बाटल्या डिझेलमध्ये टाकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. टाकीच्या तळाचं पाणी निदान सेपरेटरला दिसतं. अल्कोहोलमुळे ते इंधनासोबत बेमालूम मिसळून पंपातून आणि इंधन फवारणाऱ्या नॉझलमधून जातं, जिथे डिझेल हेच वंगण असतं. आजच्या कॉमन-रेल इंजिनांत दाब १,५०० बारच्या पुढे असतो आणि पंपाच्या भागांतली फट काही मायक्रॉनची. तिथे पाण्याचा थेंब म्हणजे वंगणाशिवाय घासलं जाणारं लोखंड. नॉझलच्या तापलेल्या टोकाशी त्याची एकदम वाफ होते आणि टोक फुटू शकतं.

पाणी पंपापर्यंत गेलंच असेल तर इंजिन आठ-पंधरा दिवस तसंच ठेवू नका, खारं पाणी असेल तर एक दिवसही नको. फिल्टर बदलून, स्वच्छ डिझेल वेगळ्या कॅनमधून देऊन, रिटर्नची नळीही दुसऱ्या डब्यात सोडून इंजिन अर्धा तास चालवा. नंतरही ठोका किंवा धूर राहिला तर नॉझल टेस्टरवर लावून घ्या.

पेट्रोल आणि आउटबोर्ड

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वेगळं वागतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, म्हणून सुरुवातीला काहीच दिसत नाही. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल १५ अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवतं. त्याच्यापुढे गेलं किंवा रात्री थंडी पडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र वेगळे होऊन तळाला बसतात. आता तळाचा थर पाणी-इथेनॉलचा, आणि वरचं पेट्रोल इथेनॉल गमावल्यामुळे कमी ऑक्टेनचं. तळाचं काढून वरचं वापरावं असा मोह होतो, पण ते पेट्रोल इंजिनाला ठोके देऊ शकतं. असं झालं तर सगळंच काढा आणि टाकी कोरडी करा. कुठलंही औषध ते पुन्हा एकजीव करत नाही. आणि ही पाणी-इथेनॉलची सरमिसळ नेहमीच्या सेपरेटरमधूनही निसटते, कारण तो शुद्ध पाण्यासाठी केलेला असतो.

बऱ्याच आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनांच्या, फिल्टर-कपमध्ये लाल रिंग असते. ती पेट्रोलमध्ये बुडते, पाण्यावर तरंगते. रिंग वर दिसली की पाणी आहे. कार्बोरेटर असेल तर प्रत्येक फ्लोट-चेंबरचा ड्रेन स्क्रू उघडा. जेटच्या तोंडावर बसलेला पाण्याचा एक थेंब पेट्रोलला वाट देत नाही. तीन सिलिंडरांपैकी एकच आचके देत असेल तर तो थेंब त्याच कार्बोरेटरमध्ये शोधा. पांढरी पूड दिसली तर पाणी जुनं आहे, ॲल्युमिनियम कुजायला लागलं आहे. इंजेक्शनच्या आउटबोर्डला व्हेपर सेपरेटर टँक असतो, त्याचाही ड्रेन असतो, आणि बाकी सगळं साफ करून तो राहून गेला की इंजिन तसंच वागत राहतं. टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलसोबतच येतं, त्यामुळे पाणी गेलं की क्रँकच्या बेअरिंगला गंज चढतो. असं इंजिन त्याच दिवशी नीट तेल मिसळलेल्या पेट्रोलवर चालवून काढा.

सेपरेटर निवडताना

डिझेल इंजिन जेवढं जाळतं त्यापेक्षा बरंच जास्त इंधन फिरवून टाकीकडे परत पाठवतं. म्हणून सेपरेटर किती इंधन जळतं यावर न ठरवता पंप तासाला किती ओढतो यावर ठरवा. लहान सेपरेटरमधून इंधन वेगाने जातं आणि पाणी खाली बसायला वेळच मिळत नाही. पहिल्या सेपरेटरला १० किंवा ३० मायक्रॉनचा फिल्टर, इंजिनावर उत्पादकाने सांगितलेला बारीक. दोन्ही ठिकाणी २ मायक्रॉनचा लावला तर पहिला लगेच तुंबतो. सेपरेटरवर व्हॅक्यूम गेज लावलं तर फिल्टर कधी भरत आला ते इंजिन बंद पडायच्या आधी कळतं. इंजिनाच्या खोलीतल्या पारदर्शक बाउलखाली धातूची ढाल हवीच, आणि पेट्रोलच्या इनबोर्डवर (बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनावर) प्लास्टिकचा बाउल वापरूच नये. आग लागली तर तो वितळतो आणि आतलं सगळं आगीत ओततो.

दुरुस्ती झाल्यावर मी हे ठेवलं: सुरुवातीला प्रत्येक फेरीनंतर, मग दर महिन्याला ड्रेनमधून अर्धा पेला काचेत घ्यायचा, तारीख आणि इंजिनाचे तास वहीत लिहायचे. पाऊस पडून गेला की एक वेगळी नोंद. मोसमाच्या सुरुवातीला कॅपची रिंग नवी, व्हेंट तारेने साफ. आणि इंधन भरताना कॅप फिरवण्याआधी पंपाचा आवाज बंद असू द्या, म्हणजे टाकीने हवा ओढली तर ऐकू येईल.